कोरडी भेट

बालाघाटहून वैनगंगेतून आमच्या घाटापर्यंत डोंग्यानं येणं म्हणजे काही विलायतेची सफर नव्हे, हे मलाही कळतं. बांबू येत, मडकी येत, नवरदेवाची वऱ्हाडंसुद्धा येत. सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी जेवायला असे. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं माझा मुलगा विचारतो. विचारू दे बापडा. त्या खेपेला डोंग्यात माझ्या आईचा उरलेला एकुलता एक डोळा होता, आणि तो फुटू न देता घरी न्यायचा होता.

दुसरा डोळा आधीच गेला होता. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा गावात एक फिरता वैद्य आला होता. त्यानं ओसरीवर बसवून डाव्या डोळ्यात सुई घातली, पडदा खाली ढकलला, "दिखता है ना, माई?" विचारलं, आणि आईला खरंच दिसलं. वैद्य पागोटं सावरत निघून गेला. पुढच्या बाजाराच्या आत डोळा पिकला आणि वाहून गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझ्या वडिलांनी तर ताकाचं नावच टाकलं. उजव्या डोळ्यानं आईला चुलीतला विस्तव तेवढा कळायचा, तरी ते कोणत्याही डॉक्टरला दारात उभं करेनात. शेवटी मी सासरहून आले, भांडले, जेवण सोडलं, तेव्हा कुठं आईला बालाघाटच्या दवाखान्यात न्यायला ते तयार झाले. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा होता तो. नुकतं लग्न झालेली मी, आवाज मात्र चार पोरांच्या आईसारखा.

डॉक्टर भला माणूस होता. डोळा कापला, पट्टी बांधली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि म्हणाला, "माई, पट्टी खुलने तक हिलना नहीं, खाँसना नहीं, हँसना नहीं. और रोना तो बिलकुल नहीं. रोई, तो आँख गई." जखम ओली होती. हुंदका आला की डोळ्यातला जोर वाढतो आणि टाका धरत नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं. आई तिथंच राहिली असती तर प्रश्नच नव्हता. पण दवाखान्यात देवीचे रोगी येऊ लागले. एक मूल आमच्या शेजारच्या खोलीत आणून टाकलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाला, घरी न्या. मी दौऱ्यावर तुमच्या जवळच्या दवनीवाड्याला येतो, तेव्हा घरी येऊन पट्टी सोडतो. पण धक्का लागता कामा नये.

धक्का लागता कामा नये! आमच्याकडच्या वाटा त्यानं पाहिल्या नसाव्यात. धान कापल्यावर शेतातल्या बांध्यांतून बैलांची बंडी जाते तेव्हा आत बसलेल्याचे दात एकमेकांवर वाजतात. छोट्या लाईनीची गाडी होती, पण तिला तर आम्ही खुळखुळाच म्हणायचो, आणि स्टेशनातून पुढं पुन्हा बंडी आलीच. आगीतून फुफाट्यात. वडील कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनीच सुचवलं, "पान्यानं नेऊ. पान्याले खड्डे नसतेत." आयुष्यात त्यांनी शहाणपणाच्या ज्या थोड्या गोष्टी केल्या त्यांतली ही एक. घरी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, म्हणून ते गाडीनं पुढं गेले आणि आमच्या घाटावरचा नावाडी, ढिवर मामा, त्याच्या बायकोला घेऊन डोंगे वर घेऊन आला.

मामानं दोन डोंगे शेजारी घेऊन बांबूंनी आवळले. त्यावर आडवी बाज बांधली, बाजेवर हातभर धानाचं तणस, तणसावर गोधडी, आणि गोधडीवर आई, दोन्ही बाजूंना त्याच त्या वाळूच्या पिशव्या. पुढच्या टोकाला मामी लांब बांबू घेऊन उभी, मागं वल्ह्यावर मामा. मधे एका काठीला मामीचं जुनं लुगडं दुहेरी शिवून लावलेलं. त्याला शीड म्हणायचं. ते लुगडं हिरवं होतं आणि एका कोपऱ्याला डाळीचा डाग होता, पण उत्तरेचा वारा भरला की फुगायचं मात्र झकास. मामा मोठ्या दिमाखात म्हणायचा, "पाह्य, बाई, माही बायको कशी ओढून राहिली मले!" आणि मामी मागं न बघता म्हणायची, "जनमभर तेच करून राहिलो." आमच्याकडच्या बायका 'मी बसलो, मी आलो' असंच बोलतात.

आईचे ओठ हलले. मी ओरडले, "मामा, हसवू नका! डोरा जाईल!" आमच्या तिकडे 'ळ' बऱ्याचदा जिभेला मानवत नाही, डोळ्याचा डोरा होतो. मामा चपापला आणि गप्प झाला. असा गप्प, की कोसभर त्यानं खाकरलंसुद्धा नाही. शेवटी आईच म्हणाली, "का गा, मेले का सारे? बोला न काही."

वैनगंगा तिथं चांगलीच रुंद आहे. मधे रेतीची लांबच लांब बेटं, त्यांवर ढिवरांच्या डांगराच्या वाड्या. बेटाच्या बाहेरच्या अंगाला नदी वाऱ्याशी मस्ती करते, तिथं लाटा उठतात. आतल्या अंगाला, बेट आणि काठ यांच्यामधे, पाणी परातीतल्यासारखं पडून असतं. वाट मात्र लांब पडते, आणि कुठं कुठं इतकं उथळ की मामीला उतरून डोंगा ढकलावा लागतो. मामानं आईला सगळी आतल्या पाण्यानंच आणली. एक बेट संपायला आलं की तो लुगडं उतरवायचा, उघड्या पाण्याचा तेवढा तुकडा हळूहळू वल्ह्यानं ओलांडायचा, आणि पुढच्या बेटाच्या आडोशाला शिरला की पुन्हा लुगडं चढवायचा. त्या उघड्या तुकड्यांत मी आईचं डोकं दोन्ही हातांत धरून बसायची. माझ्याच छातीची धडधड तिला लागत असेल, अशी मला भीती वाटायची.

"काय दिसून रायलं?" आई सारखी विचारायची.

"झाडं."

"कोनती?"

"जांभूळ. करंज."

"आन् अजून?"

"पानी आहे, आई! नदीत अजून काय असते?"

मला असं वर्णन करता येत नाही. पण ती विचारतच राहिली, आणि दुपारपर्यंत मी तिला बगळ्यांची संख्यासुद्धा सांगू लागले, अर्धी मनानंच. काठावर सारसाची जोडी ओरडली ती तिनं माझ्याआधी ओळखली. "दोघंबी आहेत न?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आहेत. मग ती अगदी सहज म्हणाली, "बाईचं गाव आता जवळ आलं असंल."

बाई म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत, आधी रडतात. एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून, शब्दांनी रडतात. मागच्या भेटीपासून कोण गेलं, कोण आजारी पडलं, मला तुझी कशी आठवण आली, हे सगळं एकीनं रडायचं, मग दुसरीनं त्याला रडून उत्तर द्यायचं. ते आटोपलं की डोळे पुसून "चहा ठेवू का?" पुण्यामुंबईच्या माणसाला हे नाटक वाटतं. वाटू दे. पण जी रडली नाही तिच्याबद्दल गाव म्हणतं, 'कोरडी भेटली.' कोरडी भेटली म्हणजे नातं तोडलं. त्याहून वाईट शिवी आमच्या बायकांत नाही.

आणि माझी आई नि मावशी कित्येक वर्षं भेटल्याच नव्हत्या. मी परकर नेसायची तेव्हा आजी वारली. आजीचं गाव नदीच्या पलीकडचं, मावशीचंही त्याच काठाचं, म्हणून ती वेळेवर पोचली. आई अलीकडची. दिवस ऐन पावसाचे, नदी दुथडी. आई गेली ती पाणी उतरल्यावर, तेराव्यानंतर, आणि तोवर मावशी आपल्या घरी निघून गेली होती. तिचा निरोप तेवढा आला: माय मेली तरी जी आली नाही, तिनं माझ्याकडंही येऊ नये. आईनं तो ऐकला आणि ती धान पाखडत राहिली. तिनं काहीच उत्तर पाठवलं नाही. मला तेव्हाही राग आला होता, दोघींचाही.

दुपार कलली तसा वारा फिरला. पुढं बाघ नदी येऊन मिळते, तिथं बेट नाही, आडोसा नाही, दोन नद्यांचं पाणी एकमेकांच्या अंगावर येतं. मामानं उभं राहून पाहिलं आणि मान हलवली. "आता नाई जमत, बाई. लाटा उठून राहिल्या. सकाळी वारा पडंल तवा काढू. रातभर इथंच, आडोशाले."

"इथं म्हणजे कुठं?" मी विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. मावशीच्या गावचा घाट.

इकडे आड, तिकडे विहीर. पुढं गेलं तर लाटांचा धक्का, थांबलं तर मावशी. मी मामाला म्हटलं, दुसरीकडे कुठंही लावा, रेतीवर लावा. पण बाजेवरून आई म्हणाली, "घाटालेच लाव." आणि तोवर उशीर झालाच होता. कपडे धुणाऱ्या बायकांनी मामीला ओळखलं, मामीनं बाजेवर कोण आहे ते सांगितलं, आणि एक पोरगी ओला पदर सावरत गावाकडे पळाली. मामीला मी नजरेनं भाजून काढलं. तिचं तरी काय चुकलं? बहीण दारात आलीय हे बहिणीला न सांगणं तिला पाप वाटलं असणार.

मावशी आली तेव्हा मागं निम्मं गाव होतं. उंच, काटक बाई, आईसारखंच नाक. मी डोंग्यातून उडी मारून पुढं गेले, पाया पडले आणि धाप टाकत सांगून टाकलं, "मावशी, आईचा डोरा कापला आहे. तिच्यासमोर रडू नका. डॉक्टरनं रडाले बंदी केली आहे."

मी काय चुकीचं बोलले, सांगा! पण मावशीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ती मला नाही, माझ्या डोक्यावरून डोंग्याकडे बघत बोलली.

"माय मेली तवा नदीनं येऊ नाई देल्लं. आता डाक्तर रडू देत नाई. चांगलं आहे. दरवेळेस हिच्याजवळ कोनीतरी सांगनारा असतेच."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. 'कोरडी' हा शब्द मी स्पष्ट ऐकला. तो पाण्यावरून आईपर्यंतही गेला असणार, कारण तिनं दोन्ही हात वर केले. मान हलवायची नव्हती, पट्टीखालून काही दिसत नव्हतं. आभाळाकडे तोंड करून ती निजलेली, आणि भलत्याच दिशेला पसरलेले ते दोन हात. "बाई," ती म्हणाली, "अवो बाई, कुठी आहेस?"

मावशी पाण्यात शिरली. लुगडं भिजलं त्याची शुद्ध नाही. तिनं बाज धरली, आईचे हात आपल्या गळ्याभोवती घेतले आणि सूर लावला. मी अडवणार कशी? सख्ख्या बहिणी होत्या.

"माही माय गेली वो बाई, पानी मांगत गेली. तुह्या नावानं दाराकडं पाहत गेली. धाकटी येऊन राहिली का, धाकटी येऊन राहिली का, मनत गेली…"

मावशीचं रडून झालं. आता रीतीप्रमाणे आईनं उत्तर द्यायचं. आईची हनुवटी थरथरू लागली, गळ्यात हुंदका चढताना मला दिसला. मी किंचाळले, "आई, डोरा! डोरा जाईल तुझा!" मला स्वतःलाच रडू फुटलं होतं. आईनं ओठ दातांखाली धरले, पण हुंदका थांबेना. जावो डोळा, असं तिनं ठरवलंच होतं, हे मी शपथेवर सांगते.

मावशीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. ओला, रेतीचा हात. "गप राय," ती म्हणाली. "तू नोको रडू. तुह्यं बी मीच रडतो."

आणि तिनं पुन्हा सूर लावला, आईच्या बाजूनं. असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. एकटीच बाई दोघींचं रडत होती. "बाई वो, नदी आडवी आली वो मले. मायचा सांगावा आला, आन् पान्यानं वाट खाल्ली वो. मी तिरावरच बसून राहिलो, पानी उतराची वाट पाहत राहिलो…"

"तिरावर नाई," आई म्हणाली. सपाट, कोरड्या आवाजात. रडायची बंदी होती, बोलायची नव्हती.

मावशी थांबली. "मंग?"

"डोंग्यात बसलो होतो. सांगावा आला त्याच सांजेले. मधात उलटला डोंगा."

आई थांबून थांबून, श्वास मोजून बोलत होती, टाक्याला जोर लागू नये म्हणून. "केसाले धरून काढलं मले यानं. म्या शपत घातली, कोनाले सांगू नोको. पुरात बाईले घेऊन गेला मनून गावानं त्याचा डोंगा जाळला असता, बाई. त्याले पोरं होती."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. जन्माचा बडबड्या तो, वल्हं छातीशी धरून उभा होता. "मीच होतो जी," एवढंच तो म्हणाला. मामी डोंग्याच्या टोकाला बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. तिला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं, वडिलांना नव्हतं. इतकी वर्षं आई 'माय मेली तरी आली नाही' हे ऐकत धान पाखडत बसली होती. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया दाटली, की मी तिथंच तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

मावशीला पुढं रडताच आलं नाही. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून आईच्या तोंडावरची रेती पदरानं, पट्टीला न लागता, हळू पुसत राहिली. मग मागं वळून गावच्या बायकांवर खेकसली, "काय पाहून राहिल्या? पेज आना कोनीतरी. तिले चावाचं नाई." मी सांगितलंही नव्हतं तिला ते. त्या रात्री ती घरी गेली नाही.

सकाळी वारा पडला, पण पाणी पुरतं निवलं नव्हतं. मामा निघायला कचरत होता. मावशी कोणाला न विचारता डोंग्यात चढली, बाजेच्या उशाशी मांडी घालून बसली, वाळूच्या पिशव्या तिनं बाजूला सारल्या आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही तळव्यांत धरलं. तिच्या घरून कोणीतरी ओरडलं, धान पडलं आहे, परत कवा येशील? तिनं मान वळवली नाही. बाघेचं पाणी जिथं मिळतं तिथं डोंगे दोनदा उचलून आदळले. मावशी पुढं वाकली, तिचं सारं अंग त्या लाटेबरोबर खालीवर झालं, पण तिचे हात जागचे हलले नाहीत. नदी पश्चिमेकडं वळली आणि आडोसा आला तेव्हा तिच्या मनगटांना कंप सुटला होता. "सोडा आता, मावशी," मी म्हटलं. "पट्टी सुटल्यावर सोडतो," ती म्हणाली.

आणि राहिली की ती. तोवर घरी आईला कोणाला हात लावू दिला नाही, मलाही नाही. आमची दोन भांडणं झाली त्यावरून.

ठरल्या दिवशी डॉक्टर दवनीवाड्याहून आमच्याकडे आला. वडील दाराबाहेर फेऱ्या मारत होते, त्यांना बघवेना. खोलीत एक खिडकी उघडी ठेवली, बाकी अंधार. डॉक्टरनं पट्टीचा एकेक वेढा सोडला, शेवटचा कापूस कोमट पाण्यानं भिजवून काढला, आणि जाड भिंग आईच्या डोळ्यासमोर धरलं. आई पापणी उघडेना. आम्ही सगळे डॉक्टरच्या पाठीमागं, सगळ्यांत पुढं मावशी. उघडली तेव्हा बुबुळ इकडेतिकडे फिरलं आणि एका जागी थांबलं. डॉक्टरनं दुसऱ्या हाताची बोटं समोर केली.

"माई, कितनी हैं?"

आईनं बोटं मोजली नाहीत. तिनं हातानं त्याचा हात दूर लोटला.

"बोटं बाजूले करा जी," ती म्हणाली. "माही बहीन दिसून नाई राहिली."